फक्त काजं-बटणं राहिलीत

हातानं काम करणाऱ्या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. राजे गेले, राज्यं गेली, पण कारागिरानं दिलेला शब्द टिकला, आणि त्या पायावरच ही सगळी मानवजात उभी आहे. आता ही रेघ शिंप्याच्या खडूनं मारलेली असते, आणि शिंप्याचा खडू टिचकी मारली की जातो, एवढीच काय ती अडचण.

आमच्या गल्लीतले मास्तर असेच शब्दाचे पक्के. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता, आणि तो गणवेशही शाळा सुरू होऊन पोरांची उंची वाढल्यावर मिळायचा. सकाळी ते दुकानाचं शटर अर्धंच उघडत. पूर्ण उघडलं तर गिऱ्हाईक आत येतं आणि बंद ठेवलं तर धंदा होत नाही, यावर त्यांनी काढलेला हा तोडगा. मग मशीनला तेल, टेबलावरून फडकं, टेप गळ्यात, सुया कॉलरीत. एवढी जय्यत तयारी झाली की दिवसातलं सगळ्यांत कष्टाचं काम ते हातावेगळं करत, ते म्हणजे शटरखालून वाकून बघणाऱ्या माणसाकडे प्रसन्न चेहऱ्यानं पाहणं.

"मास्तर, माझा शर्ट?"

"झालाच! फक्त काजं-बटणं राहिलीत."

नवख्या माणसाला वाटे, बटणं लावायला असा कितीसा वेळ लागणार. जुन्या माणसांना ही भाषा कळत असे. मास्तर 'इस्त्री राहिलीय' म्हणाले तर समजावं, कापड कापलेलं आहे. 'काजं-बटणं राहिलीत' म्हणाले तर कापड अजून कपाटात, घडीसुद्धा न मोडता, सुखरूप आहे. आणि 'उद्या डोळे झाकून या' म्हणाले तर ते नक्की कुठल्या कपाटात आहे याचा शोध चालू आहे. मास्तर खोटं मात्र कधी बोलत नसत. काजं-बटणं खरोखरच राहिलेली असत. बाकीचंही राहिलेलं असे, पण ते कुणी विचारत नसे.

या घरात ज्याचा त्याचा धंदा ज्याच्या त्याच्या अंगात मुरलेला होता. मास्तरांची बायको दवाखान्यात सिस्टर. रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी येई आणि चप्पल काढायच्या आत घराचा वॉर्ड करून टाकी. "उठा, उठा! झोप लागली का? पोट साफ झालं?" हा शेवटचा प्रश्न ती दवाखान्यातल्या शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचेल अशा बेतानं विचारी, त्यामुळे मास्तरांच्या पोटाची रोजची खबर गल्लीला फुकट मिळे. "अजिबात दुखणार नाही हं" हे तिचं ठरलेलं वाक्य. आमटी खारट झाली असली तरी वाढताना ती तेच म्हणे.

दुकानाला लागून तिच्या भावाचं, म्हणजे मामांचं, सलून. मामांचा सगळा जन्म माणसांशी आरशातून बोलण्यात गेला. त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं तरी ते त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघून बोलत. आरशातलं डावं-उजवं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांना पत्ता विचारणारा माणूस हमखास दुसऱ्याच्या घरी जाऊन पोहोचे. बाकी सलूनमध्ये कितीही गर्दी असो, दारात डोकावणाऱ्याला मामा एकच सांगत, "बसा की, पुढचा नंबर तुमचाच."

अशा सत्यवचनी घरातली एकुलती एक लेक वकील झाली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांशी खेळत ती वाढली होती. मुळाक्षरांच्या आधी तिला 'काजं-बटणं' येत होतं.

ती पास झाली त्या दिवशी मास्तरांनी शटर चक्क पूर्ण उघडून जाहीर केलं, "हिचा काळा कोट मी स्वतः शिवणार!"

गल्लीतल्या लोकांनी तिचं अभिनंदन केलं आणि मास्तर आत गेल्यावर सांत्वनही केलं.

लेक एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली लागली. मोठ्या वकिलांचा दिवस फोनवरच्या "निघालोय, रस्त्यातच आहे" या वाक्यानं सुरू होई. हे वाक्य ते न्हाणीघरातून बोलत. त्या रस्त्यावर पाणी पडल्याचा आवाज कसा येतो आणि गृहस्थाचा आवाज इतका घुमतो का, असं अशिलांपैकी कुणी विचारलं नव्हतं. लेकीचं काम म्हणजे फायली उचलणं, फायली ठेवणं आणि कोर्टात मोठ्या वकिलांच्या मागे बसून मान हलवणं. त्याला कोट लागत नव्हता, म्हणून तिचंही अडलं नव्हतं आणि मास्तरांचंही.

आणि एका संध्याकाळी मोठे वकील म्हणाले, "उद्या गाण्याच्या बाईंच्या दाव्यात तू उभी राहा. फार काही नाही. नुसती पुढची तारीख मागायची."

गाण्याच्या बाई रोज सकाळी आपल्या खोलीत पोरींना गाणं शिकवत. भिंतीपलीकडे एक रखवालदार राहत होता. तो रात्रभर एका गोदामावर पहारा करून सकाळी झोपायला घरी येई. एकाचा दिवस मावळतो तिथे दुसरीचा उगवतो, आणि मध्ये भिंत एका विटेची. रखवालदारानं कोर्टात अर्ज केला की वर्ग बंद करा. त्याला बाईंनी लेखी उत्तर द्यायचं होतं. मोठे वकील बाईंना दर खेपेला सांगत, "उत्तर तयार आहे." मागच्या खेपेला न्यायाधीशांनी दम भरला होता की पुढच्या वेळी उत्तर आलं नाही, तर दावा संपेपर्यंत वर्ग बंद. आता दावा सुरू झालेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. संपलेला पाहणारी माणसं फार थोडी, आणि ती फार म्हातारी.

"सर, ते उत्तर?" लेकीनं विचारलं.

"ते काय, झालंच आहे," मोठे वकील म्हणाले.

लेकीला हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. थोडक्यात, उद्या तारीख मिळाली नाही तर बाईंचा वर्ग गेला, आणि बाईंना दुसरी विद्याही येत नव्हती, दुसरी खोलीही नव्हती. घरी येताच तिनं अर्ध्या शटरखालून वाकून विचारलं, "बाबा, कोट?"

"झालाच! फक्त काजं..."

"बाबा, मी आहे."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"कुठल्या कपाटात आहे कापड?"

"वरच्या," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

"उद्या मला उभं राहायचंय. अंगात कोट नसेल तर न्यायाधीश माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीत. तुम्हाला जमत नव्हतं तर मी रेडिमेड आणला असता."

"रेडिमेड!" मास्तरांनी कानांवर हात ठेवले. "माझ्या पोटच्या पोरीनं रेडिमेड घालायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, वेळेवर मिळाला."

मास्तर थोडा वेळ टेपशी चाळा करत राहिले. "कितीदा काढलं गं ते कापड," ते म्हणाले. "खडू घेतला, रेघ मारली, झटकून टाकली. चुकलं तर, असं वाटायचं. गिऱ्हाइकाचं चुकलं तर गिऱ्हाईक बदलतं. तुझं चुकलं तर मी काय करू?"

यावर लेकीला रागावता येईना, म्हणून ती नुसतीच रुसली.

मोठ्या वकिलांचा कोट मागून आणायची सूचना मामांनी केली, पण तो देह असा होता की त्या कोटात लेक आणि गाण्याच्या बाई दोघी मावून वर फायलीही राहिल्या असत्या. तेव्हा उजाडताच मास्तरांनी कपाट उघडलं. तेवढ्यात सिस्टर दवाखान्यातून आली. तिनं एका नजरेत केस पाहिली, हात कोपरापर्यंत धुतले आणि टेबलापलीकडे उभी राहिली.

"खडू," मास्तर म्हणाले.

"खडू."

"कात्री."

"कात्री."

"घाम."

सिस्टरनं कपाळ टिपलं. "घाबरू नका, अजिबात दुखणार नाही," ती म्हणाली. कुणाला, ते कळलं नाही. कापडाला असावं.

बाहेर गिऱ्हाइकं जमायला लागली. मामांनी ती सलूनकडे वळवली. "बसा की, पुढचा नंबर तुमचाच." पायजम्याची चौकशी करायला आलेली माणसं त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून परत गेली. एकानं तर मिशीही दिली.

पण कोट म्हणजे उशीचा अभ्रा नव्हे. कोर्टाची वेळ झाली तेव्हा पाठ झाली होती, कॉलर झाली होती, डावी बाही पक्की बसली होती. उजवी बाही कच्च्या टाक्यांवर लटकत होती आणि सगळी काजं-बटणं राहिली होती. मास्तरांच्या कारकिर्दीत हे 'फक्त काजं-बटणं' पहिल्यांदाच जवळजवळ शब्दशः खरं ठरत होतं.

"चला," मास्तर म्हणाले, "उरलेलं तिथे करू."

कोर्टाच्या दारावर शिपायानं त्यांची कात्री अडवली. "हे आत नेता येणार नाही."

"अहो, हे माझं धंद्याचं हत्यार आहे," मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले.

हत्यार म्हटल्यावर शिपायानं पिशवीही ठेवून घेतली. मामांचे खिसे तपासले तर त्यांत वस्तरा निघाला. मग मामांना काही विचारण्यात आलं आणि मामांनी शिपायाच्या मागच्या भिंतीकडे बघून उत्तरं दिली, त्यामुळे संशय आणखी वाढला. शेवटी सिस्टरनं शिपायाला "तुमचे डोळे पिवळे दिसतायत, तपासून घ्या" असं सांगितल्यावर तो एकदम नरम आला, आणि कात्री-वस्तरा तेवढे ठेवून बाकी पिशवी त्यानं परत दिली.

कात्रीवाचून काजं होणार कशी? बटणं तेवढी मास्तरांनी वऱ्हांड्यात उभ्या-उभ्याच कोटावर शिवली आणि दोरा दातांनी तोडला. जाणाऱ्या-येणाऱ्यांना एक वयस्क गृहस्थ एका तरुण वकीलबाईंची छाताडाजवळची पट्टी चावताना दिसले. पण कोर्टात माणसांनी याहून चमत्कारिक गोष्टी पाहिलेल्या असतात, त्यामुळे कुणी थांबलं नाही.

"आता नीट ऐक," मास्तर म्हणाले. "बटणं नुसती दिसायला आहेत, लावायला जाऊ नकोस. डावा हात हवा तसा हलव. उजवा वर करायचा नाही."

"मग ठेवू कुठे? खिशात?"

"खिसा शिवायचाय अजून. मागे धर. विचारवंत दिसशील."

पुकारा झाला. लेक उजवा हात मागे धरून उभी राहिली. तिच्याशेजारी गाण्याच्या बाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. समोर रखवालदार होता. त्यानं वकील दिला नव्हता, आणि उभ्या-उभ्या डुलकी काढायची विद्या त्याच्याकडे असल्यानं त्याला बसायला जागाही लागत नव्हती. मागच्या बाकावर मास्तर, सिस्टर आणि मामा. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर उभा जन्म 'तयार आहे साहेब' ऐकत आलेल्या माणसाचा थकवा होता.

"मोठे वकील कुठे आहेत?"

"रस्त्यात आहेत, साहेब."

"असतीलच. लेखी उत्तर आणलंय का?"

लेकीनं रात्री एक सुंदर वाक्य पाठ केलं होतं. त्यात 'अपरिहार्य' होतं, 'विनम्र' होतं आणि शेवटी तारीख होती. ते बोलायला तिनं तोंड उघडलं. पण अशा वेळी माणसाचं शिक्षण बाजूला सरतं आणि खानदान बोलतं.

"झालंच, साहेब! फक्त काजं-बटणं राहिलीत."

टाइप करणाऱ्या बाईंनी मान वर केली. "साहेब, काजंवर अनुस्वार द्यायचा ना?"

"हे टाइप करू नका," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि लेकीकडे निरखून पाहिलं. "म्हणजे कापड अजून कपाटात आहे."

न्यायाधीशांची नजर तिच्यावरून मागच्या बाकाकडे गेली. मास्तर मामांच्या पाठीआड सरकले.

"मास्तर, उभे राहा. माझी पँट?"

"झालीच, साहेब!" मास्तर सवयीनं ताडकन उठले. "फक्त..."

"बसा."

न्यायाधीश दोन्ही बाजूंना उद्देशून म्हणाले, "एक गोष्ट सांगितलेली बरी. या वकीलबाईंच्या वडिलांकडे माझं पँटचं कापड पडून आहे, त्यामुळे या घराण्याविषयी माझं मन स्वच्छ नाही. कुणाची हरकत आहे का?"

रखवालदारानं डोळे उघडले. "साहेब, माझाही शर्ट आहे त्यांच्याकडे."

"मग पारडी सारखी झाली. वकीलबाई, तारीख मिळणार नाही. 'झालंच' या शब्दावर मी यापुढे एक दिवस देणार नाही, तो कोर्टात उच्चारलेला असो की दुकानात. काय सांगायचं ते आत्ता सांगा, नाहीतर वर्ग बंद."

बाईंनी पदर इतका पिळला की त्यातून पाणी निघालं असतं. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला काय झालं कुणास ठाऊक. "साहेब," ती म्हणाली, "यांना झोप येत नाही म्हणून बाईंचं गाणं बंद करायचं?" आणि आवेशानं रखवालदाराकडे उजवा हात केला.

कर्र, असा आवाज झाला. बाही खांद्यावरून सुटली, घसरली आणि मनगटाशी येऊन थांबली.

"सांगितलं होतं!" मास्तर ओरडले.

"घाबरू नकोस!" सिस्टर ओरडली. "अजिबात दुखणार नाही!"

लेकीनं बाही हातातून ओढून काढली, नीट घडी केली आणि पुराव्याची वस्तू ठेवावी तशी टेबलावर ठेवली. आता याहून वाईट होण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ती कायद्यातून बाहेर पडून सरळ दुकानातल्यासारखी बोलायला लागली.

"काका, आमची आईपण रात्रपाळी करते. दिवसा तिच्या उशाशी बाबांचं मशीन चालतं, आणि ती ढाराढूर झोपते. मशीन थांबलं की जागी होते. खरं सांगा, तुम्हाला आवाजानं झोप येत नाही, की आणखी कशानं?"

रखवालदारानं डोकं खाजवलं. "आवाजाचं काय नाही हो ताई. गोदामावर माझ्या खुर्चीशेजारी एवढा मोठा जनरेटर असतो, तिथे मला मस्त झोप येते." मग त्याला आपण कुठे उभे आहोत ते आठवलं. "म्हणजे, आली असती. मी झोपत नाही."

"मग घरी काय होतं?"

"या बाई रोज एकच ओळ शिकवतात. पोरी म्हणतात, चांगलं म्हणतात. ओळ संपत आली की मी उशीवर डोकं टेकून पुढची ऐकायला तयार. आणि या म्हणतात, 'पुन्हा पहिल्यापासून!' रोज! पुढे काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पहाऱ्यावरसुद्धा तोच विचार. साहेब, पुढचं माहीत नसताना माणूस झोपेल कसा?"

न्यायाधीश हे ऐकून गंभीर झाले. मग बाईंकडे वळले. "पुढची ओळ आहे का?"

"आहे म्हणजे काय!" बाई दुखावल्या. "चांगलं लांबलचक गाणं आहे. पण पहिली ओळ घोटून झाल्याशिवाय पुढे कसं जायचं?"

"आणि ती कधी होणार?"

"झालीच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "फक्त सूर राहिलाय."

सगळं कोर्ट त्यांच्याकडे बघायला लागलं. मागच्या बाकावरून मास्तरांनी समव्यवसायी माणसाला द्यावी तशी आदरानं मान डोलावली.

"साहेब," लेक घाईघाईनं म्हणाली, "आम्ही लेखी देतो. उद्यापासून दुसरी ओळ. सूर लागो न लागो."

"आणि एकदा तरी शेवटपर्यंत," रखवालदार म्हणाला.

"आणि एकदा शेवटपर्यंत. मग वर्गाला तुमची हरकत?"

"कसली हरकत! मी तर म्हणतो, दार उघडं ठेवून शिकवा."

बाईंनी आयुष्यात प्रथमच आपल्या तत्त्वाला मुरड घातली आणि मान हलवली. टाइप करणाऱ्या बाईंनी तडजोड टाइप केली, दोघांनी सह्या केल्या, आणि वर्ग वाचला. बाईंनी लेकीचा बाही नसलेला हात दोन्ही हातांत धरला. त्यांना बोलता येईना. ज्यांचा गळा हेच भांडवल, त्यांचा गळा दाटला की पंचाईत होते. त्याच वेळी मोठे वकील ओले केस चापूनचोपून बसवत आत आले आणि "मी म्हटलंच होतं, काही अवघड नाही" असं म्हणून फाईल शोधायला लागले.

मास्तर मागच्या बाकावर डोळे पुसत होते. "बघितलंस?" ते मामांना म्हणाले. "खांदा कसा बसलाय बघितलास? डावा."

लेक टेबलावरची बाही उचलून निघाली, तेवढ्यात न्यायाधीशांनी हाक मारली, "वकीलबाई, जरा थांबा."

मास्तर उभे राहिले. सिस्टरनं त्यांचा हात धरला, आणि बोटं नकळत नाडीवर गेली. मामासुद्धा प्रथमच भिंतीकडे न बघता सरळ समोर बघायला लागले. पोरीनं पहिल्याच दिवशी, एका बाहीवर, दावा मिटवला होता. आता दोन कौतुकाचे शब्द तर मिळणारच.

न्यायाधीशांनी लेकीला जवळ बोलावलं, टाइप करणाऱ्या बाईंकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ते पँटचं कापड अजून खरंच कापलेलं नाही ना?"

"नाही, साहेब," लेक म्हणाली. ती आता वकील झाली होती, पण हे उत्तर तिनं मनापासून दिलं.

"मग बरंच झालं," न्यायाधीश म्हणाले. "कंबर दोन बोटं सैल ठेवायला सांगा."